काचेची पट्टी जागची हलली का नाही

वाचकाचे पत्र: ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कार्यालयांच्या अंतर्गत सजावटीची कामे घेणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. आमच्या साइट बहुतेक ऐरोली, घणसोली आणि महापे या पट्ट्यात असतात. गेल्या वर्षी शेठनी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे वेळापत्रक बांधण्याचे सॉफ्टवेअर घेतले आणि ते चालवण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मागच्या कामाचा मी १८६ ओळींचा गँट चार्ट (प्रत्येक कामापुढे त्याच्या दिवसांची आडवी पट्टी असलेला तक्ता) केला. क्लायंटला तो फार आवडला, पण दुसऱ्याच आठवड्यापासून साइटशी त्याचा संबंध उरला नाही आणि दर सोमवारी अर्धा दिवस मी पट्ट्या सरकवत बसू लागलो. फॉल्स सीलिंग सहा दिवस लांबले, तरी चार्टमध्ये काचेच्या पार्टिशनचे काम ठरल्या तारखेलाच दिसत राहिले. काचवाल्याची माणसे माप घ्यायला आली तेव्हा माप घेण्याजोगे काही तयारच नव्हते. आमचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणतो, सगळे काम डोक्यात आणि व्हॉट्सॲपवर चालवतात. शेठ म्हणतात, ‘चार्ट क्लायंटला दाखवण्यापुरता ठेव.’ पुढच्या महिन्यात आठ हजार चौरस फुटांचे नवे काम सुरू होत आहे. मी चार्ट करणे सोडून द्यावे, दुसरे सॉफ्टवेअर शिकावे, की माझेच काही चुकते आहे? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: काचेचा प्रसंग तुम्ही सविस्तर लिहिलात हे बरे झाले, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. सीलिंगची पट्टी सहा दिवसांनी पुढे गेली, तेव्हा काचेची पट्टी जागची हलली का नाही? सॉफ्टवेअरला त्या दोन कामांचा परस्परांशी काही संबंध आहे हे कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून. तुम्ही काचेच्या ओळीत सुरू होण्याची तारीख टंकित केली आणि सॉफ्टवेअरने ती आज्ञाधारकपणे जपली. तुमच्या १८६ ओळींपैकी किती ओळींत ‘प्रेडिसेसर’ (आधी व्हायचे काम) हा रकाना भरलेला आहे, ते एकदा पाहा. पत्रावरून माझा अंदाज असा आहे की तो बहुतेक ठिकाणी कोरा असेल.

यात तुमचा दोष थोडा आणि त्या चित्राच्या मोहकपणाचा अधिक आहे. हेन्री गँट हे अमेरिकन यंत्र अभियंते १९१९ मध्ये वारले, आणि त्यांचे तक्ते त्याआधीच्या दशकात कारखान्यांतून व पहिल्या महायुद्धाच्या काळात तिकडच्या शस्त्रास्त्र व जहाजबांधणीच्या कामांतून वापरात आले. त्या तक्त्यांत कोणते काम किती दिवसांचे ठरले होते आणि किती झाले, हे दिसे. पण एका पट्टीमुळे दुसरी का अडली, हे दाखवणारी रेघ त्यांत नव्हती. ती रेघ पुढे १९५७ च्या सुमारास आली, जेव्हा ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतील मंडळींनी क्रिटिकल पाथची, म्हणजे ज्या वाटेवर एक दिवस लांबला की सगळा प्रकल्प लांबतो ती वाट शोधण्याची, रीत बसवली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तिची चुलत बहीण जन्माला आली. (पोलंडचे अभियंते कारोल आदामिएत्स्की यांनी कामांचे परस्परावलंबन दाखवणारा तक्ता गँट यांच्याही आधी, १८९६ च्या सुमारास केला होता, परंतु तो पोलिश आणि रशियन भाषांतच राहिल्यामुळे त्यांचे नाव चार्टला लागले नाही.) आज तुमच्या संगणकावर जे सॉफ्टवेअर आहे त्यात पट्टी आणि रेघ दोन्ही आहेत. तुम्ही फक्त पट्टी वापरता आहात, म्हणजे १९५७ नंतरचे यंत्र विकत घेऊन त्यावर १९१५ सालचे चित्र काढता आहात.

म्हणून माझा पहिला आणि मुख्य सल्ला असा, की नव्या कामाच्या चार्टमध्ये प्रकल्पाच्या आरंभाची एक तारीख सोडली तर कोणत्याही ओळीत तारीख टंकित करू नका. प्रत्येक ओळीत काम किती दिवसांचे आणि ते कशानंतर सुरू होऊ शकते, एवढेच भरा; तारखा सॉफ्टवेअरला काढू द्या. त्यासाठी आधी एक छोटी गोष्ट तपासावी लागेल. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या २०१० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये नवी ओळ मुळात ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ या प्रकारात उघडते आणि तिच्यापुढे टाचणीचे चिन्ह दिसते. अशा ओळीला लिंक, म्हणजे मागच्या कामाशी बांधणारी रेघ, जोडली तरी मागचे काम घसरल्यावर ती आपोआप हलत नाही, फार तर लाल रेघ मारून इशारा देते. खाली स्टेटस बारवर ‘न्यू टास्क्स’ असे लिहिलेले असते, तेथे ‘ऑटो शेड्यूल्ड’ निवडून मगच पहिली ओळ लिहा. ऑटो प्रकारातही तारीख टंकित केली, की सॉफ्टवेअर गुपचूप ‘स्टार्ट नो अर्लियर दॅन’ असे बंधन घालून ठेवते. मग मागचे काम लवकर संपले तरी पुढचे काम त्या तारखेच्या अलीकडे येत नाही, आणि मिळालेला वेळ कोणाच्या लक्षातही न येता वाया जातो. डावीकडच्या रकान्यात छोटे कॅलेंडरचे चिन्ह उमटले, तर तेथे असे बंधन बसले आहे हे ओळखावे. क्लायंटला दिलेली हँडओव्हरची (जागा ताब्यात देण्याची) तारीख मात्र कोठेतरी असलीच पाहिजे. ती ‘डेडलाइन’ या रकान्यात ठेवा. डेडलाइन पट्ट्यांना बांधून ठेवत नाही, ती फक्त हिरव्या बाणाने उभी राहते आणि काम तिच्यापलीकडे गेले की लाल खूण दाखवते. तुम्हाला हवे आहे ते हेच.

आता आकडे घेऊन पाहू. तुमच्या नव्या कामाचे नेमके दिवस मला ठाऊक नाहीत, तेव्हा अशा कामात शोभतील असे दिवस धरतो. तुम्ही तुमचे घाला. मार्किंगला ३ दिवस, सीलिंगच्या वरची कामे, म्हणजे एसीचे डक्ट, स्प्रिंकलरची पाइपलाइन आणि केबल ट्रे, यांना मिळून १८ दिवस, पाइपच्या प्रेशर टेस्टला २ दिवस, फॉल्स सीलिंगला १२ दिवस. येथवर ३५ दिवस झाले. त्यानंतर काचेचे माप १ दिवस, काच तयार होऊन येण्यास १२ दिवस, बसवण्यास ४ दिवस, आणि शेवटी स्नॅग (उरलेल्या बारीक दुरुस्त्या) व साफसफाईला ५ दिवस. एकूण ५७ दिवस. दुसऱ्या बाजूने वर्कस्टेशनची (कर्मचाऱ्यांच्या बसण्याच्या टेबलांची) वाट आहे: ड्रॉइंगची मंजुरी ६ दिवस, कारखान्यात तयार होण्यास ३० दिवस, साइटवर जोडणीस ८ दिवस, आणि तेच शेवटचे ५ दिवस. ही बेरीज ४९ येते. दोन्ही वाटा एकाच दिवशी सुरू झाल्या, तर काचेची वाट हा तुमचा क्रिटिकल पाथ, आणि वर्कस्टेशनच्या वाटेवर ८ दिवसांचा फ्लोट, म्हणजे हँडओव्हर न हलवता लांबण्याची मुभा.

या दोन बेरजांतून पहिली गोष्ट ही कळते, की मागच्या कामात सीलिंग सहा दिवस लांबले त्याच दिवशी हँडओव्हरही सहा दिवस लांबला होता. चार्टने ते तुम्हाला त्याच सोमवारी सांगितले असते. तुम्हाला ते काचवाल्याची माणसे हात हलवत परत गेली तेव्हा कळले. दुसरी गोष्ट शेठच्या लक्षात आणून देण्यासारखी आहे. वर्कस्टेशन हा सर्वांत महागडा माल असल्यामुळे रोजचे फोन त्याच कारखान्यात जात असतील, आणि काचेची आठवण शेवटच्या पंधरवड्यात होत असेल. पैसा जेथे जास्त अडकला आहे तेथे वेळही जास्त अडकला असेल, हा समज आपल्याकडच्या कंत्राटदारीत फार खोल रुजलेला आहे. चार्ट तो मोडून काढतो. तिसरी गोष्ट फ्लोटविषयी. हे ८ दिवस वर्कस्टेशनच्या सबंध वाटेचे आहेत, त्या वाटेवरच्या प्रत्येक ओळीचे वेगवेगळे नाहीत. सॉफ्टवेअर ‘टोटल स्लॅक’ या रकान्यात त्या तिन्ही ओळींपुढे ८ हाच आकडा दाखवते, त्यामुळे ड्रॉइंग मंजूर करणाऱ्यालाही वाटते आपल्याला आठ दिवस आहेत आणि कारखानदारालाही तसेच वाटते. मंजुरीतच पाच दिवस गेले, तर कारखान्यासाठी तीन उरतात. हा आकडा व्हेंडरला दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो तुमच्या आणि मामांच्या कामाचा आहे.

काचेच्या ओळीवर आणखी थोडे थांबतो, कारण चार्टचा खरा उपयोग येथेच दिसतो. कार्यालयात बसते ती टफन्ड काच. ती सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतात झटकन थंड केलेली असते. एकदा अशी पाणी चढवलेली काच पुन्हा कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. बिजागरी आणि हँडलची भोकेसुद्धा भट्टीत जाण्यापूर्वीच पाडावी लागतात. म्हणून काचवाला सीलिंग आणि चौकट पक्की झाल्याशिवाय माप घेत नाही, आणि त्याचे बरोबर आहे. तुमच्या जुन्या चार्टमध्ये ‘ग्लास वर्क – १७ दिवस’ अशी एकच ओळ असणार, असे मी धरून चालतो. तिचे तीन तुकडे केले – माप, कारखान्यातील काम, बसवणे – की लगेच दिसते की सीलिंगची गरज फक्त मापाला आणि बसवण्याला आहे, कारखान्यातील बारा दिवसांना नाही. मग प्रश्न सुचतो: माप सीलिंगवर अवलंबून न ठेवता घेता येईल का? काचेच्या वरच्या चौकटीला सीलिंगचा आधार न देता थेट स्लॅबपासून लोखंडी सांगाडा खाली उतरवून आधार दिला, तर उघड्या जागेची उंची सीलिंगच्या आधीच पक्की होते. ३ दिवसांच्या मार्किंगनंतर या सांगाड्याला १० दिवस धरले, तर १४ व्या दिवशी माप होते आणि २६ व्या दिवशी काच तयार असते. सीलिंग ३५ व्या दिवशी संपते, काच ३९ व्या दिवशी बसते, आणि ही वाट ५ दिवसांच्या स्नॅगसह ४४ दिवसांत उरकते. मात्र सगळा प्रकल्प ४४ दिवसांवर येत नाही, कारण आता ४९ दिवसांची वर्कस्टेशनची वाट क्रिटिकल झाली. म्हणजे वाचले ते ८ दिवस, आणि शेठचे फोन आता योग्य ठिकाणी जातील. स्लॅबपासूनच्या सांगाड्याला खर्च येतो. तो आठ दिवसांपेक्षा महाग की स्वस्त, हे त्यांनी ठरवावे. पण हा प्रश्न ज्यात विचारता येतो तो चार्ट केवळ क्लायंटला दाखवण्यापुरता उरत नाही.

लिंकचे चार प्रकार सॉफ्टवेअरमध्ये असतात. तुमच्या कामात नव्वद टक्के ठिकाणी ‘एक संपले की दुसरे सुरू’ हा साधा प्रकार पुरेल. अपवाद सीलिंगच्या वरच्या कामांचा. तेथे डक्टवाला संपूर्ण मजला संपवून उतरल्यावर पाइपवाला चढत नाही, तो चार-पाच दिवसांनी त्याच्या मागोमाग निघतो. तेथे ‘सुरू झाल्यावर सुरू’ ही लिंक आणि पाच दिवसांचा लॅग (दोन कामांमध्ये सोडलेले अंतर) घाला, आणि दोघे एकत्र संपावेत यासाठी ‘संपल्यावर संपणे’ ही लिंकही जोडा, नाहीतर डक्टवाला रेंगाळला तरी कागदावर पाइपवाला त्याच्या पुढे जाऊन उभा राहतो. लॅगबाबत एक सावधगिरी बाळगा. काच तयार होण्याचे १२ दिवस लॅग म्हणून लिंकमध्ये लपवू नका; त्या दिवसांत कोणीतरी काम करत असतो, त्याला ॲडव्हान्स द्यावा लागतो, त्याच्याकडे चौकशी करावी लागते, तेव्हा ती स्वतंत्र ओळच हवी. लॅग वापरावा तो जेथे खरोखर कोणीच काही करत नाही तेथे, उदाहरणार्थ प्रायमर किंवा स्क्रीड (फरशीखालचा सिमेंटचा थर) वाळण्यासाठी. वाळणे रविवारीही चालू असते, म्हणून तो लॅग ‘इलॅप्स्ड डेज’मध्ये द्यावा.

रविवारचा विषय निघाला, तर कॅलेंडरविषयी बोललेच पाहिजे, कारण आपल्याकडचे निम्मे चार्ट तेथेच पहिल्या दिवशी चुकतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टचे ‘स्टँडर्ड’ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते १२ आणि १ ते ५ असे असते. तुमची साइट शनिवारी चालते. ५७ दिवसांचे काम सहा दिवसांच्या आठवड्याने साडेनऊ आठवड्यांत होते. पाच दिवसांच्या आठवड्याने त्याला अकरा आठवड्यांहून थोडे अधिक लागतात. केवळ एक रकाना न बदलल्यामुळे जवळजवळ दोन आठवड्यांचा फरक पडतो, आणि मग पट्ट्या ‘हाताने’ मागे ओढण्याची सवय लागते. ‘चेंज वर्किंग टाइम’मध्ये साइटचे कॅलेंडर वेगळे करा आणि रोजचे तास बदललेत, तर ऑप्शन्समधील ‘अवर्स पर डे’ हा आकडाही त्याला जुळवून घ्या, नाहीतर ओळींत सव्वा दिवस, पाऊण दिवस असे तुकडे दिसू लागतील. काचवाला किंवा फॅब्रिकेटर एमआयडीसीतला असेल, तर त्याची साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या. ठाणे-नवी मुंबईच्या औद्योगिक वसाहतींत शुक्रवारी बंद असणारे कारखाने पुष्कळ आहेत, आणि त्यांना त्यांचे निराळे कॅलेंडर जोडता येते. आयटी पार्कमधल्या साइटवर माल सर्व्हिस लिफ्टने फक्त रात्री चढवू देतात, हे तुम्हाला सांगायला नको. चार्टमध्ये त्याचा अर्थ असा, की माल आला त्या दिवशी बसवण्याचे काम सुरू होत नाही, दुसऱ्या दिवशी होते.

सणांचे दिवस गेल्या वर्षीच्या फाइलमधून तसेच उचलू नका. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते. जुने कॅलेंडर ठेवले, तर इलेक्ट्रिशियनची कोकणातली माणसे गावी गेलेली असताना चार्टमध्ये केबल ओढली जात असेल. शिवाय कार्यालयाला सुट्टी एक दिवसाची असली, तरी गणपतीला गावी गेलेला माणूस गौरी-गणपती विसर्जित केल्याशिवाय परतत नाही, आणि उत्तरेकडचे सुतार-रंगारी दिवाळीला गेले की छठपूजा आटोपूनच येतात. हे दिवस सुट्टी म्हणून घालायचे की माणसे निम्मी धरून कामाचे दिवस वाढवायचे, हे मामांना विचारा. माझ्या मते दुसरा मार्ग अधिक खरा ठरतो.

मामांकडे येतो. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी किंचित तक्रारीचा सूर आहे, तो मला पटला नाही. कशानंतर काय होते याचे सगळे ज्ञान त्या माणसाच्या डोक्यात आहे, म्हणजेच तुमच्या चार्टमधल्या सगळ्या लिंक त्यांच्याकडे आहेत आणि तुमच्याकडे फक्त पट्ट्या आहेत. संगणक उघडण्यापूर्वी त्यांच्यासमोर बसा, एकेक काम चिठ्ठीवर लिहा आणि हँडओव्हरपासून उलटे मागे येत एकच प्रश्न विचारत राहा: ‘हे सुरू करायचे तर आधी काय हातात हवे?’ सुरुवातीपासून पुढे विचारत गेले की माणूस नेहमीचा क्रम पाठ म्हणून दाखवतो. शेवटापासून मागे विचारत आले की त्याला अडलेल्या जागा आठवतात – मंजूर न झालेला टाइलचा नमुना, बिल्डिंगच्या फायर पॅनेलला जोडण्याची परवानगी, ॲडव्हान्स न मिळाल्याने थांबलेला दरवाजा. यांतील प्रत्येक गोष्ट चार्टमध्ये ओळ म्हणून आली पाहिजे, तिच्यापुढे जबाबदार माणसाचे नाव पाहिजे, आणि तो माणूस क्लायंटकडचा असला तरी पाहिजे.

दिवस विचारताना ‘किती दिवस?’ इतकेच विचारू नका, ‘किती माणसांत किती दिवस?’ असे विचारा. नुसत्या पहिल्या प्रश्नाला प्रत्येक जण हातचे राखून उत्तर देतो, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण चुकला तर बोलणी त्यालाच बसतात. मात्र अशी वाढीव राखण प्रत्येक ओळीत दडली, की ती वाढीव आहे हे सारेच विसरतात आणि काम दिलेले दिवस पुरवून पुरवून शेवटच्या दिवसापर्यंत पसरते. सगळ्यांकडून सडसडीत दिवस घ्या, ते पाळता आले नाहीत म्हणून ओरडणार नाही असे शेठकडून आधी कबूल करून घ्या, आणि वाचवलेले दिवस शेवटी एकत्र, स्नॅगनंतर आणि डेडलाइनच्या आधी, मोकळे सोडा. त्या मोकळ्या जागेतून दर आठवड्याला किती दिवस खर्च झाले, एवढे पाहिले तरी काम कोठे चालले आहे हे समजते.

सोमवारच्या अर्ध्या दिवसाचेही आता काहीतरी करू. पट्ट्या सरकवणे बंद. ‘किती टक्के झाले?’ हा प्रश्नही बंद, कारण त्याला साइटवर ‘ऐंशी टक्के’ हे एकच उत्तर असते आणि शेवटचे वीस टक्के महिनाभर पुरतात. त्याऐवजी चालू असलेल्या प्रत्येक ओळीसाठी मामांना विचारा की कोणत्या दिवशी प्रत्यक्ष सुरू झाले आणि आजपासून अजून किती दिवस लागतील. पहिले उत्तर ‘ॲक्च्युअल स्टार्ट’मध्ये, तेव्हापासून आजवर गेलेले दिवस ‘ॲक्च्युअल ड्युरेशन’मध्ये आणि दुसरे उत्तर ‘रिमेनिंग ड्युरेशन’मध्ये भरा, पुढच्या सगळ्या पट्ट्या लिंकच्या जोरावर आपोआप आपापल्या जागी जातील. चालू ओळी एका वेळी आठ-दहाच असतात, त्यामुळे हे काम फोनवर वीस मिनिटांत उरकते. उरलेला वेळ चार्टने काय दाखवले त्याचा विचार करण्यात घालवा.

त्याआधी बेसलाइन, म्हणजे मान्य झालेल्या मूळ वेळापत्रकाची जपून ठेवलेली प्रत. क्लायंटने वेळापत्रक मान्य केले त्या दिवशी ‘सेट बेसलाइन’ दाबा आणि त्यानंतर त्या मूळ बेसलाइनला हात लावू नका. कामाचा आवाका बदलला, तर ‘बेसलाइन १’ म्हणून वेगळी ठेवा, एकूण अकरा ठेवता येतात. तुम्ही मागच्या वेळी पट्ट्या सरकवत होता, तेव्हा दर सोमवारी मूळ योजना पुसली जात होती. समजा, क्लायंटने सीलिंगच्या ड्रॉइंगवर सही करायला नऊ दिवस घेतले; हे शेवटी दंडाची भाषा सुरू झाल्यावर तुम्ही कशाच्या आधारे सांगणार? बेसलाइनची करडी पट्टी खाली, आताची पट्टी वर, आणि मधल्या अंतरापुढे ‘क्लायंट मंजुरी’ अशी ओळ असली, तर मुदतवाढीचे पत्र लिहिणे सोपे जाते. शेठना चार्टची गोडी लावायची असेल, तर हा मुद्दा इतर सर्व मुद्द्यांपेक्षा लवकर लागू पडेल.

१८६ ओळी फार आहेत. साठ-सत्तर पुरतात, आठवड्याभराहून मोठे काम तोडावे आणि अर्ध्या दिवसाची कामे एकत्र करावीत. स्नॅग लिस्टमधल्या शंभर बारीकसारीक दुरुस्त्या चार्टमध्ये आणू नका, त्यांना साधी एक्सेलची यादी बरी. रिसोर्स लेव्हलिंगचे (माणसांची ओढाताण टाळायला तारखा सरकवणारे) बटण तूर्त विसरा. एकच इलेक्ट्रिशियनची टोळी दोन साइटवर दिसते आहे का, एवढे डोळ्यांनी तपासा. साइटवर संपूर्ण चार्ट पाठवू नका. पुढच्या तीन आठवड्यांच्या ओळी गाळून, कामांची नावे मामांच्या तोंडी आहेत तशी मराठी-हिंदीत लिहून, ए-थ्री कागदावर छापा आणि साइट ऑफिसच्या भिंतीवर लावा. क्लायंटला बारा-पंधरा माइलस्टोन, म्हणजे महत्त्वाचे टप्पे, द्या. फाइल तीच, फिल्टर तीन.

दुसरे सॉफ्टवेअर शिकण्याची गरज नाही. लायसन्सचा खर्च हा प्रश्न असता, तर प्रोजेक्टलिब्रे किंवा गँटप्रोजेक्ट हे मोफत मिळणारे कार्यक्रम तुमच्या आकाराच्या कामाला पुरले असते. कोणी ब्राउझरवर चालणारे रंगीत साधन सुचवलेच, तर विक्रेत्यासमोर एकच परीक्षा घ्या: तीन ओळी लिंकने जोडा, पहिली सहा दिवसांनी लांबवा आणि तिसरी स्वतःहून हलते का पाहा. बऱ्याच ठिकाणी ती हलत नाही, किंवा त्यासाठी महागडी श्रेणी घ्यावी लागते.

शेठशी बोलताना चार्टच्या महत्त्वाविषयी काही बोलू नका. नव्या कामाच्या लिंक मामांबरोबर बसवून झाल्या, की दोन आवृत्त्या छापून न्या: एकीत काचेचे माप सीलिंगनंतर, दुसरीत स्लॅबपासूनच्या सांगाड्यानंतर. दोन्हींखाली हँडओव्हरची तारीख लिहा, दुसरीखाली सांगाड्याच्या फॅब्रिकेशनचे कोटेशन जोडा, आणि पीओ (खरेदीचा आदेश) कोणता काढायचा ते विचारा. कोटेशन आठवडाभर आधी मागवावे लागेल, आणि फॅब्रिकेटर रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला असेल तर शुक्रवारी फोन उचलला जाणार नाही.